गच्चीचं दार लावायचं की नाही

अप्पांचे दात गेले तेव्हा दातांबरोबर त्यांची शीळही गेली, आणि दातांपेक्षा शिळेचंच त्यांना जास्त वाईट वाटलं.

अप्पा म्हणजे निवृत्त पीटी मास्तर. सगळी नोकरी गळ्यात शिट्टी अडकवून पोरांना मैदानभर पळवण्यात गेली. पण ती लोखंडी शिट्टी शाळेची. घरी आल्यावर ओठांनी घालायची ती शीळ स्वतःची. भाजी चिरताना एक, दाढी करताना दुसरी, पाहुणे उठायचं नाव घेत नसले की तिसरी. बायको गेल्यावर तर कितीतरी दिवस घरात माणसाचा आवाज असा नव्हताच, नुसती शीळच असायची. मग एकेक दात पडत गेला, कवळी आली आणि ओठांतून नुसतीच हवा यायला लागली.

"पंक्चर झालोय मी," अप्पा सुनेला म्हणाले.

सून दातांची डॉक्टर होती. तळमजल्यावर तिचा दवाखाना, वर घर आणि त्याच्यावर गच्ची. तिचा नवरा, म्हणजे अप्पांचा मुलगा, जहाजावर नोकरीला असल्यामुळे वर्षातले बरेच महिने दूरच्या समुद्रात. घरात सासरे आणि सूनच. सासऱ्याचं पंक्चर काढणं तिने अंगावर घेतलं. कवळीची टाळूकडची बाजू घासून पातळ केली, वरचे पुढचे दोन दात केसभर मागे घेतले. त्या कवळीने शीळ आली, पण "स" गेला. अप्पा तिला "हूनबाई" म्हणू लागले. दुसऱ्या खेपेला "स" आला, शीळ गेली. तिसऱ्या खेपेला अप्पांनी आरशासमोर ओठांचा चंबू केला आणि अशी काही तान मारली, की बाहेर दाढ धरून बसलेला पेशंट न दाखवताच पळून गेला.

डॉक्टरने ती शीळ फोनवर टिपली आणि इंटरनेटवर टाकली. झालं! कवळीवाले, फटीवाले, तार लावलेले, कुठून कुठून लोक विचारायला लागले, आम्हालाही जमेल का? त्यातून "गच्ची" सुरू झाली. शीळ घालणाऱ्यांचा स्वतःचा सर्व्हर. यंत्र म्हणाल तर एक जुना कॉम्प्युटर, तो एक्स-रेच्या खोलीत फळीवर ठेवलेला. अशा स्वतंत्र गच्च्या जगात पुष्कळ आहेत. कुणाची सायकलवाल्यांची, कुणाची झाडं लावणाऱ्यांची. प्रत्येकीचा मालक वेगळा, नियम वेगळे, पण एका गच्चीवरून दुसरीवर हाक मारता येते. एखादी गच्ची नको वाटली तर तिच्या बाजूचं दार लावून घेता येतं. जाहिराती नाहीत, डोक्यावर कुणी शेठ नाही.

गच्चीवरची शिस्त ताईकडे होती. ताई अप्पांची थोरली मुलगी, डॉक्टरची नणंद. ती शहरात बस चालवायची. सिग्नल तोडणाऱ्यांना, थुंकणाऱ्यांना आणि चालत्या गाडीत चढणाऱ्यांना ती ज्या आवाजात सुनवायची, त्याच आवाजात गच्चीवर कुणी वेडंवाकडं बोललं तर सुनवायची. लोक तिला वचकून असत आणि मनातून खूश असत.

सगळं असं झकास चाललेलं असताना "सोबत"चा निरोप आला.

"सोबत" म्हणजे एका बलाढ्य कंपनीचं सोशल नेटवर्क. अर्धं जग तिथे. लग्नं तिथे जमायची, भांडणं तिथे व्हायची, मेलेल्या माणसाचे वाढदिवसही तिथे साजरे व्हायचे. त्या कंपनीने जाहीर केलं, की आता आम्हीही तुमच्यासारखंच बोलणार. सोबतवरची माणसं लहान सर्व्हरवरच्या माणसांशी बोलू शकतील. गच्चीला वेगळं काही करावं लागणार नाही. दार उघडंच आहे, लावू नका म्हणजे झालं.

ताई ड्यूटीवरून सरळ दवाखान्यात आली. डॉक्टर एका पेशंटच्या दातात चांदी भरत होती.

"दार लाव," ताई म्हणाली.

"कुठलं? एसी चालू नाहीये."

"सोबतचं! आजच्या आज ब्लॉक करून टाक. हत्तीला घरात घ्यायचं तर त्याच्या मापाचं दार करावं लागतं. मग भिंती जातात. मग आपणच बाहेर."

"हत्ती कंपनी आहे, ताई. पाठीवर बसलीयेत ती साधी माणसं आहेत. माझी आई आहे तिथे."

"तुझी आई शीळ घालते?"

"घालत नाही. ऐकते."

"मग तिला इकडे खातं काढून दे."

"ती पासष्टाव्या वर्षी एक ॲप शिकली, तेव्हा तीन दिवस घरात कुणाशी बोलत नव्हती. दुसरं शिकवायला तुम्ही जा."

"आणि उद्या हीच कंपनी म्हणाली, की आमचे नियम पाळा नाहीतर चला? तोवर आपले निम्मे लोक त्यांच्याकडच्यांच्या नादी लागलेले असतील!"

"तेव्हा लावू की दार. आज लावलं तर आपण आहोत हेच कुणाला कळायचं नाही. चाळीस माणसं एकमेकांना शिळा घालत म्हातारी होतील."

"चाळीस नाही, चारशे आहोत."

खुर्चीतला पेशंट तोंडात नळी असताना काहीतरी बोलला. दोघींनी वळून पाहिलं.

"काय म्हणताय?" डॉक्टरने नळी काढली.

"मतदान घ्या," पेशंट म्हणाला.

तसं ठरलं. दोन महिने दार उघडं ठेवून बघायचं, मग गच्चीवरच्या सगळ्यांनी मत द्यायचं.

पहिल्या आठवड्यात नुसती धमाल उडाली. सोबतकडे एक यंत्र होतं, ते प्रत्येक आवाज ऐकून तो कशाचा हे आपोआप ओळखायचं. बिचाऱ्याने माणसाची शीळ कधी ऐकलेली नसावी. अप्पांनी दाढी करतानाची तान टाकली, तर तिच्याखाली चिठ्ठी आली, "हा आवाज प्रेशर कुकरचा असावा." बाजूला कुकरच्या जाहिराती. अनोळखी लोक येऊन लिहून जायचे, "काका, तीन झाल्या, गॅस बंद करा." अप्पांना याचा राग यावा की नाही? ते तर हरखूनच गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुद्दाम लांबलचक शीळ टाकली आणि खाली लिहिलं, "आज राजमा आहे."

त्या शिळेला एक उत्तर आलं. शब्दांत नाही, शिळेत. अप्पांनी जी चाल अर्धी सोडली होती ती कुणीतरी पुढे नेऊन, एक गिरकी घेऊन, अलगद जमिनीवर आणून ठेवली होती. नावाच्या जागी लिहिलं होतं, "फेरीवाली."

अप्पांनी चार वेळा ऐकलं. मग एका बोटाने टाइप केलं, "फारच सुंदर. आपण काय विकता?"

"काही नाही," उत्तर आलं. "फेरी बोट चालवायचे. माणसं या काठावरून त्या काठावर. आता निवृत्त आहे. तुम्ही?"

"मी पोरं मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळवायचो. मीही निवृत्त."

"म्हणजे दोघांनीही आयुष्यभर माणसं हलवली आणि स्वतः तिथल्या तिथेच."

अप्पा मोठ्याने हसले. एवढ्या मोठ्याने, की खालून डॉक्टर विचारायला आली, काय झालं?

"काही नाही. कुकर," अप्पा म्हणाले.

त्यानंतर घरात जे सुरू झालं ते डॉक्टरच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. अप्पा शर्टाला इस्त्री करायला लागले. कुठे जायचं नसताना! सकाळी कवळी घेऊन दवाखान्यात हजर. "जरा पॉलिश मार. मंद वाटतेय." आठवड्यात दुसऱ्यांदा आले तेव्हा डॉक्टर म्हणाली, "अप्पा, अजून पॉलिश केली तर दात झिजून हिरड्या चमकायला लागतील." चहा गाळता गाळता ते मधेच थांबायचे, फोनकडे बघून लाजायचे आणि चहा ओट्यावर सांडायचा. फेरीवाली नदीच्या पलीकडच्या गावात राहत होती. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि तिच्या नातवंडांनी तिला सोबतवर आणलं होतं. हे सगळं अप्पांना माहीत होतं आणि घरात कुणाला माहीत नव्हतं.

आणि सोबतचा विषय निघाला, की अप्पा भाषण ठोकायचे. माणसं तोडू नयेत. भिंती बांधणं सोपं असतं. समुद्राला नदीची लाज वाटू नये, नदीला समुद्राची भीती वाटू नये.

"अप्पांना नदी-समुद्र कधीपासून सुचायला लागले?" ताईने स्वयंपाकघरात वहिनीला विचारलं. "आयुष्यभर 'सावधान' आणि 'विश्राम' सोडून तिसरा शब्द नव्हता यांच्या तोंडात."

डॉक्टरला काहीसा अंदाज आला होता. पण तिने कुकरचं झाकण घट्ट लावलं आणि म्हणाली, "वय झालं की सुचतं."

याच सुमाराला अबोलचं प्रकरण घडलं.

अबोल हे त्याने स्वतःच घेतलेलं नाव. तो एका बँकेच्या दारावर पहारेकरी होता. बोलताना फार अडखळायचा, त्यामुळे "नमस्कार" आणि "आत जा" यापलीकडे दिवसभर बोलायचा नाही. पण शीळ घालायला लागला की पाणी वाहावं तसा वाहायचा. गच्चीवर तो रोज एक शीळ टाकायचा आणि खाली लिहायचा आज काय झालं ते. एका म्हाताऱ्या बाईंनी दार ढकलायच्या ऐवजी ओढलं. साहेब आज नवे बूट घालून आले. लोक त्याच्या शिळेची वाट बघायचे.

एक दिवस त्याने धीर करून स्वतःचा व्हिडिओ टाकला. आधी दोन वाक्यं बोलला, अडखळत, घाम पुसत, आणि मग शीळ. सोबतवर कुणीतरी शीळ कापून टाकली, नुसती अडखळलेली दोन वाक्यं ठेवली, त्यावर हशा जोडला आणि पुढे पाठवून दिलं. संध्याकाळपर्यंत ते लाखो लोकांनी पाहिलं होतं. बँकेत येणारी पोरं त्याच्या तोंडावर त्याची नक्कल करायला लागली.

ताईने कंपनीकडे तक्रार केली. एकदा नाही, सात वेळा. सातव्यांदा उत्तर आलं. "आम्ही आपली तक्रार तपासली. या मजकुरात नियमभंग आढळला नाही. आपल्याला कुकरविषयीचे मजकूर आवडत असल्याचे दिसते. आणखी पाहा."

ताईने फोन डॉक्टरच्या हातात दिला. डॉक्टरने ते वाचलं, हातमोजे काढले, कचऱ्यात टाकले.

"अबोलने खातं बंद केलं," ताई म्हणाली. "आपल्याकडचं. त्याला वाटतं आपण सगळे हसतोय."

"मी तुमच्या बाजूने," डॉक्टर म्हणाली. "लावू दार."

अप्पा जिन्यात उभे होते. त्यांनी ऐकलं. त्या दिवशी ते लवकर खोलीत गेले, आणि दुसऱ्या दिवशी जेवेपर्यंत कवळी ग्लासातच राहिली.

रविवारी सकाळी मतदान होतं. ज्यांना येणं शक्य होतं ते घराच्या खऱ्या गच्चीवर जमले. कुणी चटईवर, कुणी पाण्याच्या टाकीला टेकून. दूरचे लोक टेबलावर ठेवलेल्या स्क्रीनवर. नेहमी बाजू बदलणारा एक चष्मेवाला होता, त्याचं चष्म्यांचं दुकान होतं. तो म्हणाला, सोबतमुळे मला नवे मित्र मिळालेत, दार लावलं तर मी गच्ची सोडीन. एक सुतार म्हणाला, नाही लावलं तर मी सोडीन. मतं पडत गेली आणि दोन्ही पारडी अशी काही जवळजवळ यायला लागली, की ताई उभ्या उभ्या नखं खायला लागली. अप्पांचं मत राहिलं होतं. ते दार उघडं ठेवणार हे सगळ्यांना पाठ होतं. नदी-समुद्राचं भाषण सगळ्यांनी दोनदा ऐकलेलं होतं.

अप्पा उठले. निळा शर्ट, कडक इस्त्री.

"सोबतवर माझी एक मैत्रीण आहे," ते म्हणाले.

मग टाकीमागून कुणीतरी हळूच, लांब, चढत जाणारी शीळ घातली. सगळे फिदीफिदी हसायला लागले. ताई तेवढी हसली नाही. "अप्पा!" ती म्हणाली.

"थांब गं. बोलू दे मला. दार लागलं तर तिचं-माझं बोलणं तुटेल. म्हणून मी तुम्हाला एवढे दिवस समुद्राच्या गोष्टी सांगत होतो. समुद्राशी मला काही घेणं-देणं नाही." त्यांनी घसा खाकरला. "पण मी मैदानावर उभा राहिलेला माणूस आहे. चार दांडगी पोरं एका पोराला मधे घेऊन हसायला लागली, की मी खेळ थांबवायचो. मग बाकीच्यांचा खेळ कितीही रंगात येऊ दे. तेव्हा हातात शिट्टी होती, आज मत आहे. दार लावा."

कुणी हसलं नाही. चष्मेवाल्यानेसुद्धा मान खाली घातली. ताईने हिशेब जुळवला. अप्पांच्याच मताने पारडं झुकलं होतं.

"फक्त लावायच्या आधी एक निरोप धाडू द्या," अप्पा म्हणाले आणि एका बोटाने टाइप करायला बसले. सगळी गच्ची त्यांच्या पाठीमागे वाकून उभी. "दार लागतंय. मी पुढच्या बोटीने येतो. निळा शर्ट."

"नंबर नाही घेतला तिचा?" ताईने विचारलं.

"मागायची लाज वाटली."

"शीळ घालायची नाही वाटली?"

अप्पांनी निरोप पाठवला. ताई कामात पक्की. बाण सुटावा तसा अप्पांचा निरोप सुटला आणि पुढच्याच क्षणी तिने बटण दाबलं. सोबतचं दार बंद. फेरीवालीने लगेच उत्तर लिहिलं होतं, "थांबा, मीच येते." पण ते उत्तर येऊन पोचलं बंद दाराशी.

हे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून सगळी वरात धक्क्याकडे निघाली. ताईच्याच मार्गावरची बस मिळाली. चालवायला एक नवखा ड्रायव्हर होता. ताई त्याच्या मागे उभी राहून, "अरे पिवळा आहे, पिवळा, जा की!" म्हणत होती. नियमांची राणी! सुतार डोळे विस्फारून बघत राहिला. बसमध्ये कुणीतरी शीळ सुरू केली, दुसऱ्याने धरली, आणि बाजारातून येणाऱ्या बायका पिशव्या मांडीवर घेऊन टाळ्या वाजवायला लागल्या. कुठे निघालात, त्यांनी विचारलं. "आमचे अप्पा भेटायला चाललेत," सुताराने सांगितलं. त्यांनी अप्पांना दोन केळी दिली. रिकाम्या हातांनी जाऊ नये म्हणून.

धक्क्यावर बोट लागलेलीच होती. अप्पा चढले. मागोमाग डॉक्टर चढली.

"तू कशाला?" अप्पा म्हणाले.

"कवळी घट्ट बसवायची पेस्ट माझ्या पिशवीत आहे."

"चल मग."

नदी इथे चांगली रुंद होती. मध्यापर्यंत आले असतील, तेवढ्यात समोरून दुसरी बोट येताना दिसली. तिच्या पुढच्या कठड्याला एक उंच बाई उभी होती. पांढरे, आखूड केस, डोक्यावर पिवळी टोपी. अप्पांनी आधी लक्ष दिलं नाही. ते केळी सांभाळत होते. मग पाण्यावरून शीळ आली. तीच चाल.

अप्पांच्या हातातली केळी डॉक्टरच्या हातात गेली. ते कठड्याकडे धावले, ओठांचा चंबू केला आणि उरलेली अर्धी चाल हाणली.

"अहो, तुम्ही इकडे कुठे?" पिवळी टोपी ओरडली.

"तुम्हीच इकडे कुठे? मी येतो म्हटलं होतं ना!"

"मी येते म्हटलं होतं!"

"मला नाही मिळालं!"

"दार कशाला एवढ्या घाईने लावलंत?"

"मुलीने लावलं!"

बोटी काही थांबत नसतात. दोन्ही बोटी एकमेकींना घासून जाव्यात इतक्या जवळून गेल्या. अप्पा कठड्याने मागे मागे पळत होते, ती तिच्या कठड्याने. तोंडं एकमेकांकडे, पाय उलटे. दोन्ही बोटींवरची माणसं ओरडत होती, शीळ येणारे शीळ घालत होते, न येणारे नुसतंच फुंकत होते. अप्पांच्या बोटीच्या चालकाने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "अरे, या तर आमच्या बाई! यांनीच मला सुकाणू धरायला शिकवलं!" आणि त्याने भोंगा असा दाबून धरला, की काठावरचे बगळे उडाले.

अप्पा पलीकडच्या काठावर उतरले, जिथे आता त्यांचं कुणी नव्हतं. डॉक्टर हसून हसून एका खांबाला टेकली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. अप्पा तेवढे गंभीर.

"आता परतीची बोट कधी?" ते म्हणाले.

"हीच जाईल परत. पण अप्पा, त्याही परत निघाल्या तर?"

अप्पांचा चेहरा पांढराफटक पडला.

पण अलीकडच्या काठावर ताई होती. पिवळी टोपी उतरली तशी ती पुढे झाली. "मी त्यांची मुलगी. दार लावणारी." फेरीवालीने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग वळून परतीच्या बोटीकडे निघाली. ताईने तिचा दंड धरला.

"तुम्ही इथून हलायचं नाही! दोघांनीही शहाणपणा दाखवला, तर दिवस मावळेपर्यंत नदीत नुसते टाटा करत बसाल."

"ते येतील याची खात्री काय?"

"माझा बाप आहे. पाण्यातून चालत येईल."

दोघी धक्क्यावरच्या बाकावर बसल्या. ताईने तिला विचारलं, काय करता, कुठे राहता, मुलं काय करतात, तब्येत कशी असते. फेरीवालीने सगळ्याची उत्तरं दिली आणि मग उलट विचारलं, तुम्ही बस वळवताना आरशात आधी कुठला कोपरा बघता? त्यावरून दोघींचं जे सुरू झालं, ते बोट धक्क्याला लागली तरी संपेना. मोठं वाहन वळवणं हा विषयच तसा. अप्पा उतरून समोर येऊन उभे राहिले, तेव्हा ताई हातवारे करून रिव्हर्स कसा घ्यावा ते दाखवत होती.

अप्पांनी तोंड उघडलं. ना शब्द, ना शीळ.

"मला वाटलं होतं, उंच असाल," फेरीवाली म्हणाली.

"मी फोटो कुठे टाकला होता?"

"म्हणूनच वाटलं."

अप्पा हसले. कवळी जागेवरून हलली, ती त्यांनी जिभेने बसवली, आणि डॉक्टरच्या हातातली केळी घेऊन पुढे केली. एक तिने सोललं, एक त्यांना दिलं. पाठीमागे चारचौघं नव्हे, अख्खी गच्ची उभी आहे याचं दोघांनाही भान नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर बँकेत गेली. अबोल दारावर होता. तिने रस्ता ओलांडायच्या आधीच, पलीकडच्या फुटपाथवरून, दोन बोटं तोंडात घालून त्याची जुनी चाल वाजवली. सोमवारच्या गर्दीत, एप्रन घालून! माणसं वळून बघायला लागली, काही हसली, आणि अबोलने पाहिलं, की हसणं तिच्यावर आहे आणि तिला त्याचं काहीच नाही. त्याने इकडेतिकडे बघून हळूच उत्तर दिलं. आठवड्याभराने त्याची शीळ गच्चीवर परत आली. खाली लिहिलं होतं, साहेबांचे नवे बूट चावतात.

दार लावलं ते सगळ्यांना पटलं असं नाही. चष्मेवाला गेला तो गेलाच. डॉक्टरची आई रुसून बसली. तिला आता व्याह्यांचा कुकर ऐकू येत नव्हता. डॉक्टर दर आठवड्याला जाऊन तिला फोनवर टिपलेल्या शिळा ऐकवू लागली, आणि असं करता करता दोघींच्या इतक्या गप्पा व्हायला लागल्या, की आई म्हणाली, राहू दे बंद.

आणि फेरीवाली? तिला गच्चीवर खातं काढून द्यायला ताई स्वतः गेली होती. तिने नको म्हटलं. "मी कुणाच्या बोटीत प्रवासी म्हणून बसत नाही," ती म्हणाली, आणि महिन्याभरात डॉक्टरकडून शिकून तिने स्वतःचा सर्व्हर उभा केला. बोटवाल्यांचा, भोंगेवाल्यांचा. नाव ठेवलं "धक्का." गच्ची आणि धक्का यांची हाकेची वाट पहिल्याच दिवशी सुरू झाली, आणि अप्पा दिवसातून इतक्या हाका मारायला लागले, की ताईने त्यांना शिस्तीची पहिली समज दिली.

पण फेरीवालीने धक्क्यावरून सोबतचं दार उघडं ठेवलं होतं. तिची नातवंडं तिथे होती. सुताराने गच्चीवर ठराव मांडला, की सोबतला जे ब्लॉक करत नाहीत त्यांनाही ब्लॉक करावं.

फेरीवाली त्या दिवशी जेवायला आलेली होती. ताईने ताटावरच विषय काढला.

"तुमच्या दारातून वारं येतं आमच्याकडे."

"येत नाही. तू तुझं दार लावलंयस ना? मग माझ्या अंगणात कोण बसलंय याच्याशी तुला काय?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे."

"तत्त्वाला नातवंडं नसतात."

"म्हणजे मी ठराव मान्य केला तर?"

"तर तुला तुझ्या बापाच्या मैत्रिणीला ब्लॉक करावं लागेल. आणि मग उद्या रिव्हर्स कुणाला विचारशील?"

"रिव्हर्स मी तुम्हाला शिकवला!"

"चुकीचा शिकवलास. आरसा आधी डावा!"

"उजवा!"

डॉक्टरने अप्पांकडे पाहिलं. अप्पा भात कालवत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतकं सुख होतं, की तिला त्यांना मीठ विचारायचंसुद्धा धाडस झालं नाही. तेवढ्यात ताई ताट सोडून उठली, तिने दोन वाट्या आणि चमचा घेऊन टेबलावर बस आणि बोट मांडली, फेरीवालीने मिठाचं भांडं घेऊन त्याला नदीचं वळण केलं, आणि दोघी खरकट्या हातांनी एकमेकींवर ओरडून ओरडून त्या वाट्या वळवायला लागल्या.